नियमांची आवृत्ती आणि खेळाची स्मृती

१

ग्रंथाची नवी आवृत्ती निघाल्याने जुन्या आवृत्तीच्या वाचकाचे सहसा काही अडत नाही. वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली एकनाथपूर्व म्हणून ‘ज्ञानेश्वरी’ची एक संहिता प्रसिद्ध केली, तिच्या पाठांविषयी, भाषेविषयी आणि प्राचीनतेविषयी अभ्यासकांत दीर्घकाळ वाद झाला. तथापि एकनाथांनी शुद्ध केलेल्या पाठाची परंपरा मानणाऱ्या वारकऱ्याच्या हातातली पोथी त्यामुळे गेली नाही. तो आपल्या पाठानुसार वाचत राहिला, आणि अभ्यासक आपल्या पाठाची चिकित्सा करीत राहिले. दोन पाठ एकाच काळात सुखाने नांदू शकतात, कारण वाचन ही बऱ्याच अंशी एकट्याने करावयाची क्रिया आहे.

खेळाच्या नियमग्रंथाची गोष्ट निराळी आहे. खेळाला समोर भिडू लागतो, आणि त्या भिडूने आपलेच नियम मान्य केलेले असावे लागतात. जुन्या नियमांचे पुस्तक ज्याच्या कपाटात आहे, पण त्या नियमांनी खेळणारा जोडीदार ज्याला उरलेला नाही, त्याच्याजवळ पुस्तक आहे आणि खेळ मात्र नाही. म्हणून नियमग्रंथाची नवी आवृत्ती ही वाङ्मयीन ग्रंथाच्या आवृत्तीपेक्षा अधिक सक्तीची असते. आणि तिच्यावरून होणारे रसिकांचे वाद बाहेरच्याला कितीही क्षुल्लक वाटले, तरी त्यांच्या मुळाशी एक गंभीर प्रश्न असतो. जुन्या नियमांनी जे खेळले गेले, जे रचले गेले, त्याचे वाचन यापुढे कोणी आणि कसे करावयाचे, हा तो प्रश्न होय. समीक्षेने या प्रश्नाकडे लक्ष द्यावे, एवढ्यासाठी प्रस्तुत लेखात एका परदेशी आणि एका आपल्या खेळाच्या इतिहासाचा विचार केला आहे.

२

गेल्या पन्नास वर्षांत अशा वादाचे सर्वांत ठळक उदाहरण अमेरिकेतील ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाने पुरवले आहे. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली तीन लहान पुस्तिकांच्या रूपात प्रसिद्ध झाला. एका मेजाभोवती काहीजण बसतात. प्रत्येकजण एखादे पात्र धारण करतो. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग वर्णन करतो. पात्राने केलेली कृती यशस्वी झाली की नाही, हे फासे आणि नियम यांच्या आधारे ठरते. यातून निर्माण होते ती एक मौखिक कथा. ती कुठे लिहिलेली नसते, पण अनेक महिने, कधी अनेक वर्षे, तोच गट ती पुढे नेत असतो. नियमग्रंथ हा या कथेचा ग्रंथ नव्हे; तो तिचे व्याकरण आहे.

या व्याकरणाच्या आवृत्त्या निघत गेल्या. १९७७ ते १९७९ या काळात खेळाचे विस्तृत रूप तीन ग्रंथांत आले. वेगवेगळ्या गावांतील खेळाडूंना परस्परांशी खेळता यावे म्हणून नियमांत एकरूपता हवी, असा गायगॅक्स यांचा त्या वेळी आग्रह होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत, धार्मिक गटांकडून झालेल्या टीकेच्या पार्श्वभूमीवर, राक्षस व सैतान यांची नावे गाळण्यात आली. पुढे ती पात्रे निराळी नावे घेऊन परतली. २००० साली तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा प्रकाशकांनी दोन गोष्टी केल्या. जुन्या पात्रांचे नव्या नियमांत रूपांतर कसे करावे याची एक पुस्तिका दिली, आणि नियमांचा गाभा इतरांनाही वापरू देणारा एक खुला परवाना जाहीर केला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने नियमांची घडणच बदलली आणि पूर्वीच्या कथा पुढे नेण्याचा तसा मार्ग ठेवला नाही. ‘हा तो खेळच नव्हे’ अशी तक्रार तेव्हा मोठ्या प्रमाणावर झाली. त्या तक्रारीचे फळ असे की, २००९ साली ‘पेझो’ या दुसऱ्या प्रकाशनसंस्थेने जुन्या नियमांवर आधारलेला ‘पाथफाइंडर’ हा खेळ काढला. कायद्याने हे शक्य झाले ते २००० च्या खुल्या परवान्यामुळे.

पुढे २०१४ ची पाचवी आवृत्ती खेळाडूंकडून जाहीर चाचणी करून घेऊन सिद्ध झाली. जानेवारी २०२३ मध्ये तो जुना परवाना बदलण्याचा प्रकाशकांचा मनसुबा उघड झाला, तेव्हा रसिकांनी इतका विरोध केला की त्याच महिन्याच्या अखेरीस कंपनीला माघार घ्यावी लागली आणि पाचव्या आवृत्तीचे मूलभूत नियम सर्वांना मुक्तपणे वापरता येतील अशा परवान्याखाली द्यावे लागले. २०२४ मध्ये सुधारित ग्रंथ निघू लागले ते आधीच्या साहित्याशी सुसंगत असल्याची ग्वाही देतच.

या वादांत दोन पक्ष सतत दिसतात. एकाच्या मते नियम हे खेळाचे साधन आहे. ते अवघड, विसंगत वा कालबाह्य झाले की बदलले पाहिजेत, अन्यथा नवे खेळाडू येणार नाहीत. दुसऱ्याच्या मते नियम ही खेळाची स्मृती आहे. ते बदलले की वर्षानुवर्षे घडत आलेली कथा अर्ध्यावर तुटते. पहिल्याला सनातनी आणि दुसऱ्याला सुधारक, किंवा उलट, अशी लेबले लावून हा वाद मिटत नाही. इतिहासाकडे पाहता असे दिसते की नियम बदलल्यामुळे वाद झालाच, पण तो विकोपाला गेला तो जेथे जुन्याकडून नव्याकडे येण्याचा मार्ग ठेवलेला नव्हता तेथे.

३

आपल्याकडे याच्याशी ताडून पाहावे असे उदाहरण बुद्धिबळाचे आहे. आज महाराष्ट्रात बुद्धिबळ म्हणून खेळला जाणारा खेळ १९२४ साली पॅरिस येथे स्थापन झालेल्या ‘फिडे’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनी खेळला जातो. तीन-चार पिढ्यांपूर्वी घरोघरी, वाड्यांच्या ओसरीवर आणि देवळांच्या ओवऱ्यांत मांडला जाणारा पट निराळ्या नियमांचा होता.

त्या देशी पद्धतीत एका बाजूच्या राजासमोर दुसऱ्या बाजूचा वजीर येई. प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाई. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी, शह बसलेला नसेल तर राजाला डावात एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी घेता येई. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे वाटेल ते मोहरे होत नसे. ज्या मोहऱ्याच्या पट्टीत ते पोचले, तेच ते होई. घोड्याच्या पट्टीतले प्यादे घोडा होई, उंटाच्या पट्टीतले उंट. प्रतिपक्षाचा राजा एकटा उरला तर डाव जिंकला असे न मानता ती ‘बुर्जी’ समजली जाई, म्हणजे डाव बरोबरीत सुटे. उलट प्याद्याने केलेली मात, ‘प्यादेमात’, ही विशेष मानाची. यांपैकी काही तपशील प्रांतोप्रांती बदलत. काही पद्धतींत आरंभी प्रत्येकाने आपल्या अर्ध्या पटात ओळीने अनेक खेळ्या करून घ्यावयाच्या असत. एच. जे. आर. मरे यांच्या १९१३ च्या बुद्धिबळाच्या बृहद् इतिहासात हिंदुस्थानातील या भिन्न पद्धतींचे सविस्तर वर्णन आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या पद्धतीला ‘देशी’ म्हटले तरी ती मूळ स्वरूपातील अस्पर्श परंपरा नव्हती. प्राचीन चतुरंगात आणि फारसी शतरंजात आजच्या वजिराच्या जागी असलेले मोहरे तिरके एकच घर चाले. त्याला पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतची सत्ता मिळाली ती युरोपात, पंधराव्या शतकाच्या अखेरीस. आणि ती चाल पुढे आपल्या पटावर आली. म्हणजे ज्या नियमांना आपण जुने म्हणतो, त्यांत एका आधीच्या नव्या आवृत्तीचा अंश मिसळलेला होताच. शह, मात, वजीर, प्यादे ही फारसीच्या वाटेने आलेली शब्दसंपदा हेच सांगते. तेव्हा वाद शुद्ध देशी आणि भ्रष्ट परदेशी यांच्यातला नाही.

नव्या आवृत्तीची चाहूलही आपण समजतो त्यापेक्षा बरीच आधी लागली होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळविषयक संस्कृत ग्रंथाचे इंग्रजी रूप १८१४ साली, पेशवाई बुडण्याच्या चार वर्षे आधी, मुंबईत छापले गेले. यातील डाव युरोपीय पद्धतीला अनुसरून बसवले आहेत, असे त्याच्या इंग्रजी नावातच सांगितले होते. संस्कृतात रचना करणाऱ्या शास्त्र्याला इंग्रज वाचकासाठी आपली कूटे परक्या नियमांत उतरवून घ्यावी लागली, ही घटना अर्थपूर्ण आहे. मराठीत विनायक राजाराम टोपे यांचे ‘बुद्धिबळक्रीडा’ हे पुस्तक १८९३ मध्ये निघाले. पुढे पंजाबातील मीर सुलतान खान यांचे उदाहरण घडले. देशी पद्धतीने वाढलेल्या या खेळाडूला आश्रयदात्याने युरोपीय नियम शिकवले. १९२८ साली त्यांनी अखिल भारतीय स्पर्धा जिंकली आणि १९२९, १९३२ व १९३३ असे तीन वेळा ब्रिटिश विजेतेपद मिळवले. देशी पटावर घडलेली बुद्धी नव्या पटावरही चालते, हे त्यांनी सिद्ध केले.

स्वातंत्र्यानंतर बदल पक्का झाला. कोल्हापूरच्या शेजारी सांगलीस नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ सालीच स्थापन झाले होते. १९५१ साली अखिल भारतीय महासंघ अस्तित्वात आला. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे आणि डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. संघटित स्पर्धेला एकच नियमावली लागते, आणि ती जगाशी जुळणारी असावी हे ओघानेच आले. या निर्णयाचा लाभ नाकारता येणार नाही. १९७४ ची पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती खाडिलकर यांनी जिंकली, १९८१ साली त्यांची बहीण रोहिणी आशियाई महिला विजेती झाली, आणि २०२५ मध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला. देशी नियमांना धरून बसलो असतो, तर यातले काहीच घडले नसते. नव्या नियमांच्या पुरस्कर्त्यांची बाजू एवढ्यानेच भक्कम होते.

मग हरवले काय? ‘बुर्जी’चा नियम घेऊन पाहू. प्रतिपक्षाचा राजा एकटा पडला की डाव बरोबरीत सुटतो, असे असल्यामुळे वरचढ खेळाडूला समोरचे शेवटचे मोहरे मारून चालत नाही. ते जिवंत ठेवूनच मात करावी लागते. सहज मारता येण्याजोगे प्यादे न मारता त्याला वळसा घालून राजाला गाठणे हे कौशल्याचे लक्षण ठरते. या नियमाखाली रचलेले कूट आजच्या खेळाडूसमोर ठेवले, तर त्याला ते सदोष वाटेल. ‘हे प्यादे का मारले नाही?’ असा प्रश्न तो विचारील, आणि त्याच्या नियमांनुसार तो प्रश्न रास्तच आहे. तीच गोष्ट प्याद्याच्या बढतीची. आज सातव्या घरातील प्यादे म्हणजे जवळजवळ वजीरच. जुन्या पटावर ते कोणत्या पट्टीत आहे यावर त्याचे मोल ठरत असे. घोड्याच्या पट्टीतले प्यादे पुढे रेटावे की शेजारच्या पट्टीत मारीत न्यावे, हा त्या पटावरचा खरा पेच होता. पटावरची मोहरी तीच, घरे तीच चौसष्ट. परंतु त्या मांडणीचा अर्थ लावणारा संकेत नाहीसा झाला आहे. जुनी कूटे नष्ट झाली असे नव्हे. ती दुर्बोध झाली आहेत, आणि ती दुर्बोध आहेत हेही आपल्या लक्षात येत नाही, कारण ती दिसतात आजच्या बुद्धिबळासारखीच.

४

साहित्यविचारात बुद्धिबळाचा दृष्टान्त फार प्रतिष्ठित आहे. फेर्दिनां द सोस्यूर यांच्या १९१६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या भाषाविज्ञानाच्या व्याख्यानग्रंथात तो वारंवार येतो. मोहरी लाकडाची असोत वा हस्तिदंती, व्यवस्थेला त्याने फरक पडत नाही; मोहऱ्यांची संख्या बदलली तर मात्र खेळाच्या व्याकरणालाच धक्का बसतो. हा खेळ पर्शियातून युरोपात आला, हीही सोस्यूर यांच्या मते बाह्य गोष्ट आहे. कोणत्याही क्षणी पटावरची स्थिती समजून घ्यायला आधीच्या खेळ्या माहीत असण्याची गरज नसते. सद्यःस्थिती आणि नियम एवढे पुरते. एककालिक अभ्यासाची सारी भिस्त या दृष्टान्तावर आहे, आणि मराठीतील संरचनावादी चर्चेनेही तो मोकळेपणाने वापरला आहे.

वर पाहिलेल्या इतिहासाच्या उजेडात या दृष्टान्तातील एक गृहीत उघडे पडते. डावातील खेळ्या बदलतात, पण नियम डावापूर्वी ठरलेले आणि डावानंतरही टिकणारे असतात, असे तेथे मानले आहे. प्रत्यक्षात खेळ पर्शियातून युरोपात गेला, तेव्हा केवळ प्रवास झाला नाही. वजिराची चाल बदलली, राजाला किल्लेकोट मिळाला. तो हिंदुस्थानात परतला, तेव्हा प्याद्याची बढती बदलली आणि बुर्जी गेली. ज्याला सोस्यूर बाह्य इतिहास म्हणतात, त्या प्रवासातच आंतरिक व्याकरण बदलत होते. पर्शियाच्या आधीचा मुक्काम त्या दृष्टान्तात नाही, ही गोष्टही भारतीय वाचकाच्या नजरेतून सुटणार नाही.

पटावरची स्थिती ‘जशी आहे तशी’ वाचता येते, हे विधान म्हणूनच अपुरे आहे. ती कोणत्या आवृत्तीच्या नियमांनी वाचावयाची, हे स्थिती स्वतः सांगत नाही. एकच मांडणी एका आवृत्तीत मात असेल, दुसरीत बरोबरी. संहितेचा अर्थ वाचकसमूहाच्या संकेतांत असतो, असे स्टॅन्ली फिश यांच्यासारखे समीक्षक सांगत आले आहेत. खेळाचा इतिहास त्यात एक भर घालतो: हे संकेत जेव्हा एखाद्या संस्थेच्या ठरावाने बदलतात, तेव्हा जुना वाचकसमूह एका पिढीत नाहीसा होऊ शकतो, आणि त्याच्यासोबत संहितेचा एक अर्थही.

५

ठरावाने संकेत बदलण्याचा अनुभव मराठी भाषेलाही आहे. मराठी साहित्य महामंडळाने १९६२ साली लेखनविषयक चौदा नियम केले. १९७२ मध्ये चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. व्युत्पत्तीने सिद्ध होणारे, पण उच्चारात नसलेले अनुस्वार त्यांनी गेले. ‘नांव’ आणि ‘नाव’ हा डोळ्यांना दिसणारा भेद संपला. त्यावरून झालेल्या वादातही वरचेच दोन पक्ष होते: लेखन सुलभ व्हावे म्हणणारे, आणि शब्दाचा इतिहास पुसला जातो म्हणणारे.

परंतु या नियमांत एक कलम असे आहे की ज्याचे महत्त्व अद्याप पुरेसे ओळखले गेलेले नाही. केशवसुतपूर्व पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपूर्वीचे गद्य यांतील उतारे मुळानुसार छापावेत, असे ते कलम सांगते. नवी नियमावली येथे स्वतःची मर्यादा आखून घेते. अमुक रेषेच्या पलीकडचे लेखन दुसऱ्या आवृत्तीतले आहे आणि ते तसेच वाचले जावे, असे मान्य करते. ती रेषा नेमकी तेथेच का ओढली, हा आक्षेप योग्य आहे. केशवसुत आणि चिपळूणकर रेषेच्या अलीकडे आले, म्हणून त्यांचे लेखन नव्या वेषात छापले जाते. वृत्ताच्या आणि भाषेतिहासाच्या अभ्यासकाला त्याची अडचण होते. तरीही रेषा आहे, आणि ती का आहे यावर वाद घालता येतो, हीच त्या कलमाची किंमत. कोल्हापूरच्या करवीर नगर वाचन मंदिरासारख्या १८५० पासून चालत आलेल्या ग्रंथालयात विद्यार्थ्याला पाठवले, तर कोणत्या पुस्तकाचे लेखन कोणत्या नियमांनुसार आहे, हे त्याला सांगता येते. आपल्यासमोर दोन व्यवस्था आहेत, याचे भान त्याला राहते.

बुद्धिबळाच्या नव्या नियमांसोबत असे कलम आले नाही. स्पर्धेच्या नियमावलीकडून तशी अपेक्षा करणेही चूक ठरेल. जुने डाव जतन करणे हे तिचे काम नव्हे. ते काम ज्यांचे होते त्या विद्यापीठांनी, कोशकारांनी, समीक्षकांनी आणि नियतकालिकांनी देशी बुद्धिबळाला संहिता मानलेच नाही. तो फावल्या वेळचा खेळ ठरला आणि त्याची कूटे वाङ्मयाच्या हद्दीबाहेर राहिली. परदेशी खेळाच्या रसिकांनी प्रकाशकांशी भांडून जुन्या आवृत्तीचा हक्क राखला, तसा हक्क मागणारा समूह आपल्याकडे उभा राहिला नाही. तेथे व्यापारी स्वार्थ, परवाने आणि कायदा यांचे गुंते होते, हे खरे. पण आपण आवृत्ती गमावीत आहोत याची जाणीव तेथे होती.

६

या विवेचनातून निघणारा निष्कर्ष जुने नियम पुन्हा आणावेत असा नाही. नियम बदलतात; बदलले नाहीत तर खेळ आणि भाषा दोन्ही मोजक्या जाणकारांपुरत्या उरतात. नव्या आवृत्तीची परीक्षा करताना मात्र दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतील. नवे नियम अधिक चांगले आहेत काय, हा पहिला प्रश्न. त्याचा निर्णय खेळणारे करतील. त्या नियमांखाली वाढलेल्या माणसाला जुने वाचता येईल काय, हा दुसरा. आणि तो समीक्षेच्या कक्षेतला आहे. रसिकांच्या वादात हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळतात, म्हणून नव्याचे समर्थक दुसऱ्या प्रश्नाला भाबडी स्मरणरंजकता म्हणून उडवून लावतात आणि जुन्याचे कैवारी पहिल्या प्रश्नाचा विचारच करीत नाहीत.

देशी बुद्धिबळाच्या बाबतीत दुसऱ्या प्रश्नाचे काम अजून करता येण्यासारखे आहे. मुद्रित पुस्तके आहेत, मरे यांच्या नोंदी आहेत, आणि कोकणात व घाटावर आजोबांकडून शिकलेली बुर्जीची व्याख्या सांगणारी माणसे थोडी का होईना सापडतील. जुनी कूटे त्यांच्या नियमांसह, प्रांतभेद नोंदवून आणि पाठभेदांची चिकित्सा करून छापली पाहिजेत. संतकवीच्या पदाला जी संपादनपद्धती आपण लावतो, तीच येथे लावली पाहिजे. ते झाले तर न मारलेल्या प्याद्याला चूक म्हणण्यापूर्वी वाचक त्या डावाची आवृत्ती विचारील.